पंधरा एकरांना एकच उत्तर

मित्रांनो, मी एक जुने अवजार आहे. मला दांडा नाही, पाते नाही, आणि मी कधी गंजणारही नाही. वय विचाराल तर अवघी तीन वर्षे. पण संगणकाच्या दुनियेत तेवढे म्हणजे म्हातारपणच. माझी कहाणी सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला शंका वाटते. तरी मनाला एक टोचणी आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

नाशिकच्या एका लहानशा कार्यालयात मंजुषा नावाच्या मुलीने मला घडवले. तिथे माझ्याआधीपासून एक बोलका सहायक होता. तो माणूस नव्हे, संगणकाची बुद्धी. शेतकऱ्याने फोनवर विचारावे आणि त्याने मराठीत सांगावे, असे त्याचे काम. बोलायचा गोड, पण मातीचा प्रश्न आला की अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचा. म्हणून मंजुषाने मला त्याच्या हाती दिले. जगभरच्या शास्त्रज्ञांनी खड्डे खणून मातीची माहिती जमवली आहे, आणि जिथे खड्डे खणले नाहीत तिथे ती गणिताने भरली आहे. सहायकाने मला जागा सांगायची आणि मी त्या साठ्यातून शोधून आणायचे: माती भारी की हलकी, खोल किती, पाणी धरते की सोडून देते.

पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. आफ्रिकेतली टेकडी विचारा, नाहीतर आपल्या सुरगाण्याचा उतार. पापणी लवण्याआधी माझे उत्तर हजर. मीही फुशारलो. एक गोष्ट मात्र मला कुणी विचारली नाही आणि मीही बोललो नाही. माझ्या नकाशातला सर्वांत लहान चौकोन अडीचशे मीटर लांब आणि तेवढाच रुंद आहे. म्हणजे पंधरा एकरांना माझे एकच उत्तर.

मंजुषाचे आईवडील, नवसाबाई आणि गोटीराम, मखमलाबादच्या पुढे भाजी आणि फुले पिकवतात. गेल्या वर्षी त्यांनी वीस गुंठ्यांत दसऱ्यासाठी झेंडू लावला. घरातले ते मोठे पीक. गोटीरामांनी शेताच्या मधोमध उभे राहून फोनला विचारले, ठिबकने पाणी किती देऊ? सहायकाने मला विचारले. मी म्हणालो, हलकी, मुरमाड, पाणी लगेच सोडणारी. सहायकाने सांगितले, रोज द्या.

नवसाबाईंचे म्हणणे दर चौथ्या दिवशी पाणी देण्याचे होते. त्यावर गोटीराम हसले. लेकीने केलेली वस्तू सगळ्या जगाला सांगते आणि आपल्याच घरात तिचे ऐकायचे नाही का, असे ते म्हणाले. वर, हा फोन निदान उलटून बोलत नाही, असा टोमणाही त्यांनी मारला.

मला डोळे नाहीत. पुढचे सारे मंजुषाने माझ्यापाशी लिहून ठेवलेल्या टिपणांतून मला कळले. वीस दिवसांत झाडांची खालची पाने पिवळी पडली. पाणी कमी पडत असेल म्हणून गोटीरामांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. माझ्याकडे दुसरे सांगण्यासारखे काही नव्हतेच. सहायकाने पाणी वाढवायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी नवसाबाईंनी ठिबकचा कॉक बंद केला आणि भाकरीचे फडके घेऊन त्याच्याशेजारीच बसल्या. गोटीराम दोनदा येऊन गेले. त्या उठल्या नाहीत. शेवटी गोटीरामांनी लेकीला बोलावून घेतले.

मंजुषा बांधावर आली आणि चाचरत म्हणाली, "आई, नकाशात इथं मुरमाड माती दाखवतात गं."

"नकाशानं आणली होती का ही?" नवसाबाईंनी एक झाड उपटून तिच्यापुढे धरले. मुळ्या काळ्या, बुळबुळीत झाल्या होत्या. मग त्यांनी मूठभर माती दाबून तिचा लाडू वळला आणि लेकीच्या तळहातावर ठेवला. "फुटतो का बघ. धरणाचा गाळ हाय हा. तुझ्या बापानं ट्रॉल्या आणल्या, म्या पाटीनं पसरला. तू तव्हा शाळेत होती."

गोटीरामांनी तो लाडू आपल्या हातात घेतला. ते म्हणाले, "चौदा वर्षं झाली. आपलीच माती वाटती आता. बाहेरची हाय, हे ध्यानातच आलं नाय."

मित्रांनो, त्यांना मी दोष देत नाही. नाशिकच्या बाजूला मुरमावर गाळ टाकून कितीतरी शेते उभी राहिली आहेत. माणसांनी डोक्यावरून वाहिलेली ती माती माझ्या चौकोनात उतरलीच नाही.

आठ दिवस कॉक बंद राहिला. सखल बाजूच्या सहा ओळी गेल्या, बाकीचा झेंडू तगला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवसाबाई पाट्या भरून बाजारात बसल्या. आता त्या शेताचे पाणी त्यांच्याच शब्दाने सुटते.

मंजुषाने मला पुन्हा उघडले. माझे उत्तर केवढ्या चौकोनाचे आहे, हे आता मी आधी सांगतो. सहायकही विचारतो, शेतात बाहेरून माती आणली होती का? खणून पाहिले का? त्या उत्तरासाठी तिने एक जागा राखली आहे, आणि तिथे लिहिलेले माझ्या बोलण्यापेक्षा वरचे धरले जाते. पहिली नोंद नवसाबाईंनी बोलून दिली: "दीड हात गाळ, खाली मुरूम. घाई करू नका."

तरीही मला स्वस्थता नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत मी हजारो उत्तरे देऊन बसलो आहे. ती कुठे गेली, कुणी खरी मानली, कुणाच्या कॉकपाशी कुणी बसलेच नाही, हे मला ठाऊक नाही. दिलेले उत्तर मला परत बोलावता येत नाही. तुमच्या घरी कुणी मला विचारले असेल, तर मित्रांनो, एवढे करा. खुरपे घ्या, शेतात हातभर खणा, माती मुठीत दाबून पाहा, आणि माझे चुकले असेल तर मला कळवा. माती जपण्यातला माझ्या वाटणीचा भाग एवढाच आहे, आणि तो तुमच्या सांगण्यावाचून मला जमणार नाही.