खोडलेला 'तरीही'

मी एक जुनी लाल पेन्सिल आहे. ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. आज मी जेमतेम दोन बोटं उरले आहे, तेव्हा नवीकोरी होते.

मित्रांनो, कारखान्यातून मी आले ती थेट भाषा शिकवणाऱ्या एका बाईंच्या हातात. बाईंना वाक्य आटोपशीर लागे. 'आणि', 'म्हणून', 'कारण', 'तरीही' असा वाक्यं जोडणारा शब्द दिसला की त्या मला त्याच्यावरून आडवी फिरवत. निबंधांच्या वह्या माझ्या रेघांनी भरून जात. मुख्याध्यापक म्हणत, "बाईंच्या वर्गाची भाषा कशी सुटसुटीत!" ते ऐकून मीही फुशारून जाई.

बाईंची आई त्यांच्याजवळच राहायची. बाईंचा धाकटा भाऊ "या घरात माझं काही नाही" असं बोलून परगावी निघून गेला होता. सहा महिने त्याचं पत्र नव्हतं. शेवटी आईनेच लिहायला घेतलं. तिचा हात थरथरायचा, म्हणून कच्चं ती लिही आणि पक्कं बाई करून देत.

"आई, किती जोडतेस गं! आगगाडीचे डबे आहेत का?"

"अगं, डबे सुटे ठेवले तर गाडी जाईल कशी, मास्तरीणबाई?"

दोघी हसल्या. आईने लिहिलं होतं, 'तू बोललास ते मला फार लागलं. तरीही घर तुझंच आहे. म्हणून सोबत किल्ली पाठवते आहे.' बाईंनी सवयीने मला फिरवलं. 'तरीही' गेला, 'म्हणून' गेला. उरलं ते असं: 'तू बोललास ते मला फार लागलं. घर तुझंच आहे. सोबत किल्ली पाठवते आहे.'

पुन्हा एकदा वाचून पाहा, मित्रांनो. माया होती तिथे टोमणा आला ना?

आठवड्याभरात किल्ली परत आली. सोबत एकच ओळ होती, 'घर तुम्हालाच लखलाभ.'

आईला काही उमगेना. ती बाईंना पुन्हा पुन्हा विचारायची, "मी नीट लिहिलं होतं ना गं?"

"अगदी नीट, आई," बाई म्हणायच्या. त्यांनाही तेव्हा कळलं नव्हतं. आणि मी तर माझ्या टोकावर खूश होते.

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. भाऊ आला, पण तिच्यासाठी उशीरच झाला होता. टेबलाच्या खणात त्याला तो कच्चा कागद सापडला. माझ्या रेघेवर त्याने बोट ठेवलं.

"ताई, इथे 'तरीही' होता?"

बाईंनी कागद हातात घेतला आणि ते वाक्य 'तरीही'सकट मोठ्याने वाचलं.

भाऊ त्या घरात राहायला कधीच आला नाही. ताईला मात्र तो शेवटपर्यंत दर महिन्याला पत्र लिहीत राहिला. बाई निवृत्त होईपर्यंत वह्या तपासत होत्या. पण रेघ ओढण्याआधी त्या मुलाला जवळ बोलावत आणि विचारत, "हा शब्द इथे कशाला ठेवलास, सांग बरं." बहुतेक मुलांना सांगता येई. मग मी नुसतीच बाईंच्या बोटांत थांबून राही.

तो कागद अजून खणात आहे, आणि मी त्याच्यावर पडून असते. मित्रांनो, माझी ती रेघ मला पुसता येत नाही. तुम्ही मात्र एखादा जोडणारा शब्द खोडण्याआधी ते वाक्य एकदा मोठ्याने वाचा. ज्याच्यासाठी लिहिलं आहे, त्याच्या कानांनी ऐका.