कडी बाहेरून

…आणि ही कडी, गंजलेली, बोटाला लाल भुकटी लावणारी, दाराच्या बाहेरच्या अंगाला. आतून काहीच नाही, साधा अडसरसुद्धा नाही, कारण मुळात ही सेलूच्या एका आडत्याची वखार, आणि कापूस काही आतून दार लावून घेत नाही. शाळा आणि पोरं इथं मागाहून आली. हेडमास्तर माणिकराव कडीकडे बघत उभे होते आणि त्यांचं डोकं सणकत होतं.

तहसिलीतून तोंडी हुकूम आला होता – रझाकार फिरताहेत, शेजारच्या गावात गोळीबाराची बोलवा आहे, मदरशाच्या, म्हणजे शाळेच्या, वेळात दार बंद ठेवा. ठेवा! कसं? अडसर मागितला तर तालिमातचे, म्हणजे शाळाखात्याचे, साहेब म्हणाले, इमारत आडत्याची, त्याला विचारा, आडत्या म्हणाला, भाडेकरू सरकार, सरकारनं बसवावा, आणि पोलीस ठाण्यातले अमीनसाहेब पान चघळत म्हणाले, "मास्तर, कायदा साफ हाय. दरवाज्याच्या आत तालिमातची जिम्मेदारी, भायेर आमची."

मग दरवाजा कुणाचा? तुमच्या बापाचा? – हे अर्थात मनात. तोंडानं "जी" म्हणून ते परतले. पदरचा अडसर ठोकावा तर विनापरवाना ठोकला म्हणून जाब द्यायचा. कुणी सांगितलाय उपद्व्याप!

झरी गावातलं ते लग्न… माणिकराव तेव्हा एवढेसे, धान्याच्या खोलीत झोपलेले, आणि कुणीतरी बाहेरून कडी घातलेली. आईला वाटलं मामीकडे आहे, मामीला वाटलं मावशीकडे. रडून रडून घसा बसला, बाहेर सनई वाजतच होती. सगळ्यांची माया होती हो, कमी कुणाचीच नव्हती.

"मास्तर," चपराशी मुंजाजी मागून म्हणाला, "कडी लावून मी भायेर बसतो. पन एक सांगू का? बंदूक दिसली तर मी पळीन. खोटं कशाला बोलू?"

माणिकराव त्याच्यावर ओरडणार होते. शब्द जिभेवर होते – नालायका, पगार कशाचा घेतोस – पण निदान हा एकटाच सरळ बोलला होता, बाकी सगळ्यांनी नुसता कायदा सांगितला, आणि मी… मी तरी परवानगीच्या आडच लपलो की.

"तू आत जा. पोरांकडे बघ. मी बसतो बाहेर."

त्यांनी खुर्ची ओढली, दार लोटलं, कडी घातली. आत पाढे थांबले. मग फटीतून छोट्या विमलाचा आवाज आला, "गुरुजी, तुमी हायत ना तिथं?"

"आहे," ते म्हणाले.

बंदूक दिसली तर? आधी हात कडीकडे जाईल, की पाय रस्त्याकडे? सकाळपासून ते साऱ्या जगावर चिडले होते. आता चिडायला कुणी सापडेना. त्यांनी पुन्हा मोठ्यानं सांगितलं, "आहे गं, आहे," आणि स्वतःच्या पायांकडे बघत बसले.