अकराचं लग्न अकराले

"लग्नात जायाचं हाये तं दाढी पायजे ना," असं म्हनून माहा भाऊ शेलूबाजारात सलूनच्या खुर्चीत जाऊन बसला. मी दारात उभी. रस्त्यावर आमचा छोटा हत्ती, त्यात रिकामे कॅरेट.

"प्रज्वलदादा, लग्न अकराचं हाये."

"अकराचं म्हनजे दीड," तो आरशातूनच बोलला. तोंडभर फेस, निसते डोळे दिसत होते. "तू कोनतं लग्न टायमावर लागलेलं पाह्यलं?"

सलूनवालाही हासला. "ताई, पत्रिकेवरचा टाइम तं नवरदेवालेही खरा वाटत नाई."

मले त्या लग्नाशी काई घेनंदेनं नोतं. नवरा कोन, नवरी कोन, मालूम नाई. मले फक्त परण्या पाह्याचा होता. लग्नाआंधी नवरदेवाले वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात ना, तो. त्यात गडगडाट धुमाल पार्टी वाजवनार होती, अन् गडगडाटमंधी भागिरथा तासा वाजवते. एकलीच पोरगी, बाकी सारे बाप्ये. शाळा सोडली तवापासून मी तिचे व्हिडिओ पाहून राह्यली. पन मोबाइलवर निसता धिंगाना आयकू येते. तिचा उजवा हात समजते, डावा नाई समजत. डाव्यातच काईतरी हाये.

अन् परवा भागिरथानं सोताच व्हिडिओत सांगतलं का तिचं लग्न जुळलं. मंगरूळपीरच्या बाजूची ही ऑर्डर झाली का बस. सासरचे म्हनतात, तासा माहेरीच ठेवून ये.

म्हनजे आज नाई तं कधीच नाई.

बाबानं गाडी देली ते बी अटीवर. शिरपूरहून निंगताना वांगे अन् सांबार भरला, सांबार म्हनजे कोथिंबीर. "शेलूबाजारात हर्रासात माल इका अन् मंग कुठं मरायचं तिथं मरा." हर्रास उशिरा सुरू झाला. त्यात प्रज्वल एका व्यापाऱ्याशी भांडत बसला. व्यापारी म्हने, सांबार सुकला. सुकन नाई तं काय, तुमी दोघं त्याच्या डोक्श्यावर उभे राहून बोलूनच राह्यले! मंग चहा. मंग दाढी. मंग सलूनवाल्यानं इचारलं, "मसाज करू का?" अन् हा मानूस "कर" म्हनला.

मी आत गेली अन् त्याच्या गळ्यातला कपडा वढला. "उठ. नाई तं गाडी मी चालवते."

"येडी झाली का वं? लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे."

एका कानापाशी फेस तसाच घेऊन तो गाडीत बसला.

रस्त्यानं मी त्याले मोबाइलवरची पत्रिका दाखोली. "हे वाच. खाली लिवलं हाये, लग्न वेळेवर लागेल."

"ते सगळ्याईच्याच पत्रिकेवर राह्यते. छापनारा आपल्या मनानंच टाकते. आपल्या काकाच्या वर्षाराणीच्या पत्रिकेवर नोतं का? मंगलाष्टकं कवा झाले? लोकं उपाशी, अन् नवरदेव नाचूनच राह्यला."

हे खरं होतं. खरं होतं म्हनूनच मले अजून राग आला.

गावात शिरलो तं आवाजच नाई. धुमाल वाजत असला तं दोन वावरं आंधीच छातीत धडधड होते. इथं कोनाची बकरी वरडली ते बी आयकू आलं.

"पाह्य, म्हनलं होतं ना?" प्रज्वल खुश. "अजून सुरूच नाई झालं."

मांडवापाशी गेलो तं पंगत बसली होती. नवरानवरी गळ्यात हार घालून फोटो काढून राह्यले होते. दारात पिवळ्या फेट्याचा एक म्हातारा उभा होता, पुंजाजी म्हनून. साऱ्याईले हात धरधरून जेवाले बसवत होता.

"बाबाजी, परण्या कवा निंगते?" प्रज्वलनं इचारलं.

"आता कायचा परण्या? परण्या झाला, लग्न लागलं, दुसरी पंगत बसली." म्हाताऱ्यानं प्रज्वलच्या कानाजवळचा फेस पाह्यला. "आमच्या गावचा ठराव हाये पोरा. अकराचं लग्न अकराले. जो उशीर करन त्यानं साऱ्या गावाले जेवन द्याचं. पत्रिकेवर लिवलं होतं ना?"

मी प्रज्वलकडं पाह्यलं. तो चपलेकडं पाहून राह्यला होता.

"चाला, जेवून घ्या. जेवल्याबिगर जाऊ नका."

"मले नाई जेवाचं!" मी वरडली. म्हाताऱ्याचा काईच गुन्हा नोता, पन तोच समोर होता.

तेवढ्यात कोनतरी म्हने, तुमची गाडी वाटेत आडवी हाये, काढा. प्रज्वल तिकडं पयाला अन् मी मांडवाच्या मांगं.

तिथं गडगडाटचा ट्रक उभा होता. पोट्टे स्पीकरचे पोंगे दोरीनं बांधून राह्यले होते. भागिरथा ट्रकच्या मांगच्या फाळक्यावर पाय सोडून बसली होती, बोटांवरच्या चिकटपट्ट्या सोलत. व्हिडिओत केवढी मोठी दिसते. खरी माह्याएवढीच होती, अंगानं माह्याहून बारीक.

"ताई, आमी शिरपूरहून आलो. तुमचं आयकाले."

"मंग? कसं वाटलं?"

"नाई आयकलं. आताच पोचलो."

"आता? आमी तं कवाचेच वाजवून मोकळे झालो. तुमी कुठं होते?"

"भाऊ दाढी करून राह्यला होता."

थे एवढी हासली का ट्रकवरच्या पोट्ट्याईनं वाकून पाह्यलं. माह्या कानातून वाफ निंगाली.

"थोडसंक वाजवा ना."

"तासा बांधला माय. अन् हे पाह्य." तिनं हात उघडला. तळव्यावर फोड होते, एक फुटलेला.

"मंग डावा हातच दाखवा निसता. मले तोच समजत नाई."

तिचं हासनं थांबलं. "तुले कोनं सांगतलं, डाव्यात हाये म्हनून?"

"कोनं नाई. मलेच वाटलं."

"साऱ्याईले उजवाच दिसते," थे म्हने. मंग फाळक्याकडं वळली अन् दोन्ही हात लाकडावर ठेवले. "बोटं नको पाहू. मनगट पाह्य."

अन् तिनं सुरू केलं. त्याच टायमाले प्रज्वलनं गाडी मांगून आनली अन् हॉर्नवर हात ठेवला. ठेवला तं उचलेच ना. तिचे हात हालताना दिसून राह्यले होते, आवाज एक आयकू येत नोता. मी गरकन मांगं फिरली, "दादाऽऽ!" हॉर्न बंद झाला. समोर पाह्यलं तं तिचे हात बी थांबले होते.

"भागिरथा, बस आत," ड्रायव्हर वरडला. ट्रक घरघरला. थे फाळक्यावरून उतरून केबिनकडं गेली. चढताना तिनं इचारलं, "समजलं का?"

ट्रक हालला होता. मी खोटंच "हो" म्हनलं.

गाडीत बसली तं प्रज्वल म्हने, "मले वाटलं तू त्याईच्याशी भांडून राह्यली. म्हनून हॉर्न मारला."

मी गाडीचं दार आपटलं. गाव मांगं गेलं, डांबरी लागली.

"आयक ना," तो म्हने. "तिचं लग्न हाये म्हनतं ना? तिथं बी गडगडाटच राहीन. आपन जाऊ. आदल्या दिवशीच जाऊ मुक्कामाले."

"तिच्याच लग्नात थे कशी वाजवन? नवरी राहीन ना थे! हळद लावून आत बसन."

त्यानं गेअर बदलला. समोर उसाची ट्रॉली होती, तिच्या मांगं मांगं गाडी चालवत राह्यला.

"मंग तिच्या जागी कोन वाजवन?"

"मले काय मालूम! समोर पाहून चालव."