शेवटच्या कडव्यातलं नाव

धारूरच्या घाटाखालच्या आमच्या गावात धर्मराज देशमुखांना लोक संतच समजत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया हातोड्याच्या ठेक्यावर योगेश्वरीचं भजन म्हणत, आणि त्याचं शेवटचं कडवं 'धर्मराज म्हणे' असं सुरू होई. माणूस गोड, पण सुराशी त्यांचं जन्माचं वाकडं.

भजन होतं त्यांच्या बायकोचं, केसरबाईंचं. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. त्यांनी ते घरी कामाला येणाऱ्या छबुबाईला शिकवलं, आणि छबुबाईनं खडीवर नेलं. पण देशमुखांच्या घरच्या सुनेचं नाव गावाच्या तोंडी कसं द्यायचं? म्हणून धर्मराजांनी स्वतःचं घालायला लावलं. बाया पाया पडत, नारळ देत, आणि हे खुशाल घेत. केसरबाईंना नारळाचं काही नव्हतं. आपलं भजन एकदा तरी चारचौघांत आपल्याच गळ्यातून म्हणावं, एवढीच आस जिवाला लागलेली.

दुष्काळ सरला, गावात दूध सोसायटी निघाली, धर्मराज चेअरमन झाले. उद्घाटनाला दुधापेक्षा भाषणंच जास्त झाली. शेवटी पाहुणे म्हणाले, "आता चेअरमनसाहेबांनी आपलं भजन म्हणावं."

धर्मराजांना घाम फुटला. त्यांनी बायकांच्या घोळक्यात बसलेल्या बायकोकडं पाहिलं. "अहो, तुमीच म्हणा की. माझा घसा बसलाय."

केसरबाई उठल्या, पदर सारखा केला आणि असा सूर लावला की आमच्या अंगावर काटा आला. शेवटचं कडवं आलं आणि त्या थांबल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? शिकवतानाही तेवढ्या जागी त्या नुसतं गुणगुणत.

"थांबलात कावून बाईसाब?" छबुबाई ओरडली. "मालकाचं नाव अडकलं व्हय?"

सभा हसली. केसरबाईही हसल्या. मग त्यांनी डोळे मिटले.

"केसर ही म्हणे, कोरडी विहीर,
माये तुझा पूर, डोळां माझ्या."

शेवटचं कडवं मागून सगळ्यांनी म्हणायचं असतं, पण चेअरमनकडं बघत कुणी तोंडच उघडेना. आम्हाला तर भीतीच वाटली.

मग धर्मराज उभे राहिले, टाळ्यांचा ठेका धरला आणि म्हणू लागले, "केसर ही म्हणे..."

लग्नातल्या उखाण्यानंतर बायकोचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं, तेही बेसूर. एवढं बेसूर ऐकून एवढी खूश झालेली बाई आम्ही पुन्हा कधी पाहिली नाही.