बसमधला ओटा

माझी बायको कांता, तिला जाऊन चौदा महिने झाले. वर्षश्राद्ध झाल्यावर लोकांचे फोन कमी झाले. मी डोंबिवली पश्चिमेला मोठागावात दोन खोल्यांच्या घरात एकटा राहतो. धंदा फर्निचरचा, त्यातही जास्त करून स्वयंपाकघरांचा. माझी पद्धत साधी. घरातल्या बाईला अनवाणी उभं करायचं, कणीक मळतो तसा हात दुमडायला सांगायचा आणि कोपरापासून सहा इंच खाली ओट्याची रेघ मारायची. मापाचा ओटा असला की बाईची पाठ दुखत नाही. तीस वर्षांत याबद्दल कोणाची तक्रार आली नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी जुनी बस घ्यायचं मनात घेतलं. आत पलंग, ओटा, छोटा संडास करायचा. घर भाड्याने द्यायचं आणि बसमध्येच राहायचं, फिरायचं. मोबाइलवर अशा गाड्यांचे व्हिडिओ रोज बघत होतो. घरात बसवत नव्हतं, हे खरं कारण.

मुलगी ऋजुता ठाण्याला नौपाड्यात असते. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला घर नको झालंय तर इकडे या. बसमध्ये कोण राहतं?"

"लोक राहतात. व्हिडिओ पाठवू का?"

"नको. सतरा पाठवलेत."

फिरायची हौस मला आधीपासून. पण कांताला गाडी लागायची. लग्नानंतर ओतूरला तिच्या माहेरी गेलो, तेव्हा माळशेज घाटात तिने चार वेळा गाडी थांबवायला लावली. पुढे पुढे ती माहेरीसुद्धा वर्षातून एकदाच जायची, हातात लिंबू धरून. मला म्हणायची, "तुम्ही जाऊन या ना कुठेतरी." मी गेलो नाही. ती गेल्यावर माझ्या मनात आलं, आता जाता येईल. हे कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं.

माजिवड्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला भिवाजी म्हणून एकजण आहेत. कंपन्यांच्या कामगारांची ने-आण करायला त्यांच्या बस लागायच्या. धंदा बंद केला तेव्हा बाकीच्या विकल्या, एक राहिली. सव्वीस सीटची, अकरा वर्षांची. भंगारवाला सोमवारी येणार होता. भिवाजी म्हणाले, रविवारपर्यंत हो की नाही सांगा.

मी उत्तमला घेऊन गेलो. उत्तम कांताचा धाकटा भाऊ, बस दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याच्या स्कूटरवरून माणकोली पुलाने अर्ध्या तासात पोचलो. त्याने जुनी चादर अंथरली, टॉर्च आणि हातोडी घेऊन बसखाली शिरला. मी टेप आणि खडू घेऊन आत चढलो. सीटं बहुतेक काढलेलीच होती.

खाली ठकठक चालू होती, वर माझं काम. बऱ्याच दिवसांनी हाताला काम आवडत होतं. मागे पलंग आखला. डाव्या बाजूला ओटा. नुसत्या रेघेवरून अंदाज येत नाही म्हणून तिथे पडलेलं फळकूट दोन सीटच्या सांगाड्यांवर विटा लावून बरोबर उंचीला बसवलं. पाण्याची टाकी, भांड्यांची मांडणी, सगळं ठरत गेलं. मी विचारसुद्धा करत नव्हतो, हात आपोआप रेघा मारत होते.

"दाजी," उत्तम खालून ओरडला, "चासी चांगली आहे. मागच्या चाकाजवळ गंज आहे, तेवढा भाग कापून वेल्डिंग करता येईल. पण आरटीओची परवानगी आधी काढा. नाहीतर पलंग बसवाल आणि पासिंगला उचलून बाहेर ठेवायला लावतील."

"किती वर्षं चालेल?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

भिवाजी हसले. तेवढ्यात त्यांची बायको मंजुळाबाई चहा घेऊन वर आल्या. ठेंगण्या बाई, माझ्या खांद्याच्याही खाली. त्यांनी ट्रे त्या फळकुटावर ठेवला आणि दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"बराबर हाताला येतंय," त्या म्हणाल्या. "माझे घरचा ओटा उंच हाय, टाचा वर कराला लागतान." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "पन ह्यो कोनासाठी? तुमी त एवरे उंच. कंबर मोरल तुमची."

मी टेप लावली. एकोणतीस इंच. कांताचं माप. ती चार फूट नऊ इंच होती. माझ्या उंचीला अडतीस तरी लागतो. मी इतक्या बायकांची मापं घेतली, पण स्वतःचं काढायचं मनातच आलं नव्हतं.

उत्तम हात पुसत वर आला. त्याने खडूच्या रेघा बघितल्या.

"पलंग दोघांचा?"

"आडवंतिडवं झोपायला बरा."

तो पुढे गेला. ड्रायव्हरच्या बाजूचं एक सीट मी काढायचं नाही अशी खूण करून ठेवली होती. शेजारच्या काचेवर 'सरकती करणे' लिहिलं होतं.

"हे सीट का ठेवताय? तिथे कपाट होईल."

"पुढे बसलं, वारा लागला की गाडी लागत नाही."

"कोणाला?" उत्तमने विचारलं.

मी खडू खिशात टाकला. त्याने परत विचारलं नाही. तो माझ्याकडे न बघता चहा प्यायला लागला. मंजुळाबाईंना काही माहीत नव्हतं, पण त्यांनी ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "बसा जरा," आणि खाली उतरल्या.

मी त्याच सीटवर बसलो. मनात स्वतःला नीट विचारलं. ही बस घेऊन मी एकटा निघालो तर काय होईल? पहिल्या टोलनाक्यापर्यंत बरं वाटेल. मग मी डावीकडे बघेन. रात्री वाकून भात लावेन आणि अर्ध्या पलंगावर झोपेन. उंच ओटा बांधून घेता आला असता, एकाचा पलंगही करता आला असता. पण तशी बस डोळ्यांपुढे आणून बघितली, तर मला तिच्यात बसून कुठेच जायचं नव्हतं. तीस वर्षं जिथे जिथे जावंसं वाटलं होतं, तिथे तिथे कांता सोबत धरलेली होती.

भिवाजी दारात आले. "मग, त्या भंगारवाल्याला काय सांगू?"

"येऊ द्या त्याला," मी म्हणालो. "गाडी चांगली आहे तुमची. माझंच जमत नाहीये."

"चालतं. रेघा राहू द्या, त्याला काय फरक पडणार नाही."

तरी मी ओल्या फडक्याने सगळ्या रेघा पुसल्या. त्याला थोडा वेळ लागला. तोवर उत्तम बाहेर स्कूटरवर बसून राहिला.

पुलावर तो एवढंच बोलला, "दीड तास चिखलात झोपलो मी. निदान मिसळ तरी द्या."

मिसळ खाऊन घरी आलो. मी चहा ठेवला. उत्तम स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"दाजी, तुम्ही रोज असेच वाकून करता?"

आमच्या घरचा ओटाही मीच बांधून घेतलेला, एकोणतीस इंच. कंबर गेले वर्षभर दुखत होती. वयाने असेल म्हणून मी मलम लावत होतो.

"उभे राहा नीट," उत्तम म्हणाला. त्याने माझ्या खिशातून टेप काढली. "हात दुमडा. चपला काढा आधी, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

अडतीस आलं.

पुढच्या आठवड्यात गवंडी लावला. कडप्पा काढताना मी बाहेर गॅलरीत थांबलो, मला ते बघवलं नाही. दगड तोच ठेवला, खालच्या भिंती वाढवल्या. तीन दिवस चहा शेजाऱ्यांकडे झाला. चौथ्या दिवशी मी ताठ उभा राहून पिठलं केलं. बरं झालं होतं. खाताना रडू आलं, पण खाल्लं सगळं.

ऋजुताला फोनवर सांगितलं.

"आईचा ओटा तोडलात?"

"उंच केला."

"आणि बस?"

"नाही घेतली."

"बरं." मग म्हणाली, "बाबा, मी आईएवढीच आहे. मी आले की माझा हात कसा पुरणार त्याला?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "तू येणार आहेस का करायला?"

"रविवारी. वांग्याचं भरीत करते. तुम्हाला पिठलं सोडून काय येतं?"

फोन ठेवून मी दुकानात गेलो. सागवानाचा एक चांगला तुकडा बाजूला ठेवलेला होता. उभं राहायला नऊ इंच उंचीचा पाट करायला घेतला, रुंद, म्हणजे तिचा पाय घसरणार नाही.