एका दाबात दोन बाण

मित्रांनो, शिलाई मशीनच्या खणात, बॉबिन आणि खडूच्या तुकड्यांच्या गर्दीत पडलेला मी एक जुना माउस आहे. आधीच सांगतो, मी फार जळकुटा आहे.

माझी मालकीण कपडे शिवते. भाची तिला मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणतो. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की ती कॉम्प्युटरपुढे बसायची आणि दूरदूरच्या चार जणांच्या संघातून तिरंदाजीचा ऑनलाइन खेळ खेळायची. एक क्लिक, एक बाण. सहा वर्षं तिचं बोट माझ्याच डाव्या बटणावर होतं. संघातले तिच्या नेमाचं कौतुक करायचे आणि फुगायचो मी.

मग भाचीने नवा माउस आणला. काळा, चकचकीत, पोटातून निळा उजेड सोडणारा. "किती हलका आहे गं," मावशी म्हणाली, तेव्हाच माझ्या पोटात दुखलं. मी या खणात आलो. फटीतून त्या दोघांची जोडी बघायचो आणि नुसता जळफळाट व्हायचा.

चौथ्या दिवशी मावशीचं खातं बंद झालं. पडद्यावर एवढंच आलं की आपोआप क्लिक करणारं साधन वापरल्यामुळे तुमच्यावर कायमची बंदी आहे. रविवारी अंतिम सामना होता. संघातल्या एकाने तर तिला सरळ 'चोर' असं लिहिलं. मावशी त्या दिवशी जेवली नाही. "मी आणलेल्या माउसमुळेच झालं का गं हे?" भाची रडवेली झाली. आणि मला आनंद झाला, मित्रांनो. आता सांगायला लाज वाटते. मला वाटलं, त्या चकचकीत पाहुण्याची आता उचलबांगडी होणार.

मावशीने खेळाच्या कंपनीला फोन लावला. "माझी चूक कोणती, कधीची, ते तरी सांगा."

"यंत्रणेने पकडलंय, बाई. निर्णय बदलत नाही," तक्रारी घेणारी म्हणाली.

"शिवण उसवली म्हणून गिऱ्हाईक आलं, तर मी त्याला टाका दाखवते. तुम्ही मला तारखा दाखवा. तेवढा हक्क आहे ना माझा?"

तीन फोन झाल्यावर तारखा आल्या. भाचीने त्या दोनदा वाचल्या. "मावशी, या सगळ्या मागच्या महिन्यातल्या आहेत. तेव्हा नवा माउस मी विकतही घेतला नव्हता."

तिने खण उघडला, मला जोडलं आणि बटण एकदाच दाबलं. पडद्यावर दोन बाण सुटले. माझं बटण झिजलं होतं, आणि त्या दुहेरी क्लिकलाच यंत्रणा आपोआप क्लिक करणारं साधन समजली होती. चोर मीच होतो आणि मला पत्ताही नव्हता.

त्यांनी त्याचा व्हिडिओ कंपनीला पाठवला. शनिवारी खातं उघडलं, सोबत माफीची एक ओळ आली. रविवारी मावशी खेळली, नव्या माउसने.

"हा जुना फेकू का?" भाचीने मला उचलत विचारलं.

"थांब. आधी उघडून बघू, बटण बदलता येतंय का. काही न विचारता बाहेर काढलं की कसं वाटतं, ते मी आत्ताच भोगलंय."

मित्रांनो, त्या नव्याचा हेवा मला अजून वाटतो. पण मीही त्याला एका शब्दाने न विचारता चोर ठरवलं होतं. खेळताना कुणावर आळ घ्यायची वेळ आली, तर आधी त्याचं ऐकून घ्या. आणि तुमचा माउस एका दाबात दोनदा वाजू लागला, तर त्याचं बटण बदला. तो मुद्दाम करत नसतो.