सातवीचा वर्ग निरुत्तर झाला नाही

शिक्षणशास्त्र ही सगळ्या शास्त्रांची आई आहे, असं प्राचार्य वीरभद्र सरांचं ठाम मत होतं. लातूरच्या बी.एड. कॉलेजात ते एकोणीस वर्षं शाळेत कसं शिकवावं ते शिकवत होते. शाळेत शिकवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

रेणापूरची आरती त्यांची विद्यार्थिनी. लोह्याच्या एका शाळेनं तिला नोकरी देऊ केली होती. अट एवढीच, यंदा बी.एड. पास. उरला होता वार्षिक पाठ, म्हणजे सरांसमोर खऱ्या वर्गावर घ्यायचा परीक्षेचा तास. वर्ग कॉलेजशेजारच्या शाळेतला सातवीचा, विषय बाष्पीभवन.

पाठाच्या टाचणात प्रस्तावनेचे चार प्रश्न असतात. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मुलांनी द्यायची, चौथ्याला गप्प बसायचं. मग शिक्षकानं विषय जाहीर करायचा. चौथ्यापुढं 'निरुत्तर' असं आधीच लिहावं लागतं. चलाख मंडळी आदल्या दिवशी चॉकलेटं वाटून हे निरुत्तर पक्कं करून घेतात. आरतीला ती लबाडी वाटली.

फरशीवर सांडलेलं पाणी पुसलं नाही तरी कुठं जातं, असं तिनं चौथ्या प्रश्नात विचारलं.

पुनम नावाची मुलगी उठली. "वाफ होऊन हवेत जातंय, म्याडम. ह्यालाच बाष्पीभवन म्हंतेत. माठ बी त्याच्यामुळंच गार राहतोय."

सरांचं पेन थांबलं. आरती थांबली नाही. तिनं ढग कसे होतात ते घेतलं, आणि मुलांनी तास संपेपर्यंत तिला प्रश्न विचारून भंडावलं.

"सर, त्यांना येतंय की," ती नंतर म्हणाली.

"तेच तर. मग तुम्ही शिकवलं काय?"

"पुढचं शिकवलं, सर. ढग."

"टाचणात कुठंय?"

शेरा पडला: विद्यार्थी निरुत्तर झाले नाहीत. अनुत्तीर्ण. फेरपाठ पुढच्या वर्षी. लोह्याच्या शाळेनं दुसरी बाई घेतली. एका पोरीला माठ गार का राहतो ते ठाऊक होतं, म्हणून दुसरीची नोकरी गेली. ह्याला मूल्यमापन म्हणतात आणि त्यावर पीएच.डी. मिळते.

मुलांना एवढं येतं कसं, हे कॉलेजात कुणी विचारलं नाही. आरतीनं विचारलं.

"आमाला हे तुमच्या कॉलेजच्या अकरा जणांनी शिकवलंय, म्याडम," पुनम म्हणाली. "तुमी बाराव्या."

तुमचे स्वतःचे विज्ञानाचे सर काय शिकवतात, हेही तिनं विचारलं.

त्या शाळेत विज्ञानाला चार वर्षांपासून शिक्षक नाही.